मिरगाआधीचे टायर: मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीसाठी गोव्यातली निवड

डिचोलीच्या माझ्या भाच्याने नुकतीच एक जुनी सेडान घेतली. इंजिन पुढे, पण जोर मागच्या चाकांना. त्याचा एक मित्र जर्मनीत असतो. त्याने फोनवर बजावलं, "अशा गाडीला विंटर टायर हवेतच, नाहीतर मागून घसरते." लगेच भाच्याचा मला फोन: "मामा, आपल्याकडे विंटर टायर कुठे मिळतील?"

मित्र चुकीचं बोलला नाही. त्याच्या गावात डिसेंबरमध्ये रस्त्यावर बर्फ असतो. विंटर टायरचं रबर मुद्दाम मऊ बनवलेलं असतं, कारण पारा साधारण ७ अंशांच्या खाली गेला की नेहमीचं रबर कडक होतं आणि रस्ता सोडतं. त्या टायरच्या नक्षीत शेकडो बारीक चिरा असतात, त्या बर्फाला धरतात. बाजूला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह असतं. आपल्याकडे पणजीत जानेवारीच्या पहाटेही पारा सहसा १५ अंशांच्या खाली जात नाही. तापलेल्या डांबरावर ते मऊ रबर खोडरबरासारखं झिजतं, वळणावर लचकतं आणि ब्रेक मारल्यावर गाडी जास्त लांब जाऊन थांबते. म्हणून पहिली सूचना हीच: बाहेरून आणलेले, स्वस्तात मिळणारे, जवळजवळ नवे टायर कुणी दाखवले तर आधी त्या डोंगर-हिमकणाच्या चिन्हाचा शोध घ्या. दिसलं तर हात जोडून परत द्या.

पण भाच्याच्या प्रश्नाचा गाभा बरोबर होता. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला वाईट ऋतूसाठी वेगळा विचार करून टायर लागतात. आपला वाईट ऋतू पावसाचा. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. वाळपईकडे सत्तरीत तर त्याहून जास्त. घरोघरी मे महिन्यात पुरुमेंताची तयारी होते, आमसुलं, सुकी मासळी, मिरच्या भरून ठेवतात. माझ्या घरी त्याच यादीत गाडीचे टायर असतात.

आधी मागच्या चाकांचं गणित

ज्या गाडीचा जोर पुढच्या चाकांवर असतो तिच्यात ओढायचं काम आणि वळवायचं काम दोन्ही पुढचीच चाकं करतात. त्यांची पकड सुटली तर गाडी वळायची थांबते आणि सरळ जाते. माणूस घाबरून अॅक्सिलरेटर सोडतो आणि बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. मागच्या चाकांवरच्या गाडीत कामाची वाटणी होते: पुढची वळवतात, मागची ढकलतात. कोरड्या रस्त्यावर याचा आनंद काही और असतो, म्हणून तर आपण ही गाडी घेतो. पण ओल्या वळणावर पाय जरा जास्त पडला की मागची चाकं आडवी सरकतात. गाडी शेपूट मारते. अशा वेळी दचकून अॅक्सिलरेटर एकदम सोडला किंवा ब्रेक दाबला तर वजन पुढे जातं, मागची चाकं आणखी हलकी होतात आणि गाडी गोल फिरू शकते.

हल्लीच्या गाड्यांत ट्रॅक्शन कंट्रोल असतो, तो इंजिनचा जोर कापतो आणि एकेका चाकाला ब्रेक लावून गाडी सावरतो. मात्र तोही टायरच्या पकडीवरच काम करतो. पकडच नसेल तर संगणकाकडे सावरायला काही उरत नाही. डॅशबोर्डवर घसरणाऱ्या गाडीचा पिवळा दिवा साध्या पावसात, साध्या वेगात वारंवार लुकलुकत असेल तर ती टायरची तक्रार समजा.

हे फक्त महागड्या गाड्यांपुरतं नाही. ईको, बोलेरो, इनोव्हा क्रिस्टा या गाड्याही मागच्या चाकांवर चालतात. त्या चालवणाऱ्यांनाही खालचं बरंच लागू पडेल.

पहिलं काम: आत्ता लावलेले टायर वाचा

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. नवीन माणूस इथेच घाई करतो, मीही केली. २०२३ साली मी सध्याची गाडी घेतली तेव्हा टायरच्या खाचा खोल दिसल्या, विकणारा म्हणाला टायर नवेच आहेत, आणि मी मान डोलावली. जूनमध्ये फर्मागुडीच्या उतारावर, फोंड्याकडे येताना, ताशी चाळीसच्या वेगात गाडीचं मागचं अंग हलकेच डावीकडे गेलं. समोर कोणी नव्हतं म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवशी मी आमच्या जुन्या मेस्तांकडे, म्हणजे गाडी दुरुस्त करणाऱ्या कारागिरांकडे गेलो. पुढची चाकं दाखवायला लागलो तर त्यांनी मला थांबवलं. "पुता, पयलीं फाटले टायर पळय." म्हणजे पोरा, आधी मागचे टायर बघ; कोकणीत फाटले म्हणजे मागचे. ते खाली बसले, टायरच्या कडेवरचा मातीचा थर अंगठ्याने पुसला आणि मला चार आकडे वाचायला लावले: ३५१५.

हे चार आकडे प्रत्येक टायरवर लंबगोल चौकटीत असतात, डॉट या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी. पहिले दोन म्हणजे वर्षातला आठवडा, पुढचे दोन म्हणजे वर्ष. माझे टायर २०१५ च्या पस्तिसाव्या आठवड्यातले होते. आठ वर्षं उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचे. नक्षी शाबूत, पण रबर लाकडासारखं. नखाने दाबलं तर खूण उमटत नव्हती आणि खाचांच्या तळाशी केसासारख्या भेगा होत्या. ही ओळ बऱ्याचदा टायरच्या आतल्या बाजूला असते, तेव्हा गाडी वर उचलून किंवा मोबाईल खाली घालून फोटो काढून वाचावी लागते. चारही टायरची वाचा. जुन्या गाडीत चार टायर चार वर्षांचे निघणं नवल नाही.

वयाबद्दल माझा नियम: पाच वर्षं झाली की दर पावसाळ्याआधी जाणत्या माणसाकडून तपासून घ्यायचे, सात झाली की नक्षी कितीही दिसो, मागच्या चाकांवर ठेवायचे नाहीत. काही लोक दहा वर्षांपर्यंत थांबतात. गोव्याच्या उन्हात आणि पावसात मी थांबणार नाही.

मग खाचेची खोली. नव्या टायरची साधारण ८ मिलिमीटर असते. मोठ्या खाचांच्या तळाशी रबराच्या छोट्या आडव्या पट्ट्या असतात, टायर झिजून त्यांच्या पातळीला आला म्हणजे १.६ मिलिमीटर उरली. मोटारीसाठी कायद्याची हद्द तिथे आहे. पावसाची हद्द मात्र खूप आधी येते. ३ मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर कोरड्यात छान चालतो, कदाचित नव्यापेक्षाही घट्ट वाटतो, आणि नेमकी तीच फसगत. साचलेल्या पाण्यावर तो उचलला जातो. मी मागच्या चाकांसाठी ४ मिलिमीटर धरतो: मेअखेर त्याहून कमी असेल तर पावसाळ्याआधी बदल. खोली मोजायचं छोटं गेज टायरच्या दुकानात किंवा ऑनलाइन स्वस्तात मिळतं, घेऊन ठेवा.

मोजताना एक गोष्ट विसरू नका. या स्पोर्टी गाड्यांची मागची चाकं वरच्या बाजूने किंचित आत कललेली असतात, वळणावर पकड मिळावी म्हणून. त्यामुळे टायरची आतली कड आधी झिजते. बाहेरून बघणाऱ्याला पाच मिलिमीटर दिसतं आणि आत तारा उघड्या पडायला आलेल्या असतात. हात आत घालून, इंजिन बंद असताना, कडेवरून बोटं फिरवा. गुळगुळीत लागलं तर टायरबरोबर अलाइनमेंटही, म्हणजे चाकांच्या कोनांची जुळणीही बिघडली आहे.

दुसरं काम: माप ठरवा, आणि रुंदीचा मोह सोडा

ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर एक स्टिकर असतो. त्यावर गाडीला मान्य असलेली मापं आणि हवेचा दाब लिहिलेला असतो. समजा तिथे २२५/५० आर १७ असं आहे. २२५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ५० म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या पन्नास टक्के. आर म्हणजे रेडियल, १७ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. पुढे आणखी एक आकडा आणि एक अक्षर असतं. आकडा वजन पेलण्याचा: ९१ असेल तर एक टायर ६१५ किलो पेलतो. अक्षर वेगाचं: एच म्हणजे ताशी २१०, व्ही म्हणजे २४०, डब्ल्यू म्हणजे २७० किलोमीटरपर्यंत. आपण त्या वेगाने जाणार नाही हे खरं, तरी स्टिकरवर जे आहे त्याच्या खाली जाऊ नका. टायरची बांधणी गाडीचं वजन आणि ताकद धरून ठरवलेली असते.

बऱ्याच स्पोर्टी गाड्यांना कंपनीतूनच पुढे अरुंद आणि मागे रुंद टायर येतात, उदाहरणार्थ पुढे २२५/४५ आर १८ आणि मागे २५५/४० आर १८. दिसायला देखणं, कोरड्यात उपयोगी. पावसात मात्र गणित उलटतं. रस्त्यावर ३ मिलिमीटर पाणी साचलं आहे आणि गाडी ताशी ८० ने चालली आहे असं धरा. २२५ रुंदीच्या टायरला दर सेकंदाला सुमारे १५ लिटर पाणी बाजूला सारावं लागतं. एक मोठी कळशी, प्रत्येक सेकंदाला, प्रत्येक पुढच्या चाकाखालून. टायर जितका रुंद तितकी कळशी मोठी. २५५ च्या टायरवर तोच हिशेब १७ लिटरवर जातो. मागची चाकं पुढच्यांनी अर्धवट रिकाम्या केलेल्या पट्ट्यातून जातात म्हणून त्यांना थोडा आधार मिळतो, पण वळणावर मागचं चाक पुढच्याच्या नेमक्या वाटेवर नसतं, आणि रुंद टायरची कड ताज्या पाण्यात पडते.

थंड देशांत लोक विंटर टायर घेताना एक इंच लहान रिम आणि जरा अरुंद टायर घेतात. ही युक्ती आपल्याकडे जशीच्या तशी चालते, आणि मला विचाराल तर या संपूर्ण लेखातली हीच सगळ्यात कामाची. १८ इंची जोडीऐवजी चारही चाकांना २२५/५० आर १७. एकूण व्यास जवळजवळ तोच राहतो, फरक एका टक्क्याहून कमी, त्यामुळे स्पीडोमीटर बिघडत नाही. भिंत उंच झाल्यामुळे पाण्याखाली लपलेल्या खड्ड्यात रिम वाकत नाही आणि टायरला फुगा येत नाही. चारही मापं सारखी झाली की चाकं पुढची मागे फिरवता येतात, टायर जास्त टिकतात. अट एवढीच की ते माप तुमच्या गाडीला मान्य असावं आणि लहान रिम ब्रेकच्या कॅलिपरवरून (ब्रेकची चकती चिमटणाऱ्या भागावरून) मोकळी फिरावी. विकत घेण्याआधी एक रिम लावून हाताने फिरवून बघा. जुन्या १७ इंची रिम गॅरेजवाल्यांकडे बऱ्याचदा पडून असतात, कारण मालकांनी मोठ्या घालून त्या काढलेल्या असतात.

तिसरं काम: जात निवडा

इथे नवीन माणसाचा मोठा गैरसमज असतो. युरोपातल्या कंपन्या ज्याला समर टायर म्हणतात तो पावसाचा टायर नव्हे, असं वाटतं. उन्हाळ्याचा म्हणजे कोरड्याचा, असा अर्थ आपण लावतो, कारण आपल्याकडे उन्हाळा आणि पावसाळा वेगळे. तिकडे त्या नावाचा अर्थ इतकाच की ७ अंशांच्या वरच्या हवेसाठी. चांगला समर टायर उबदार पावसात सगळ्यांत लवकर थांबतो. आपला आषाढ म्हणजे २५ अंशांचा पाऊस, या टायरसाठी अगदी योग्य हवा. म्हणून नाव वाचून बिचकू नका, आपल्याला समर टायरच हवा. भारतात विकले जाणारे बहुतेक टायर याच प्रकारचे असतात, फक्त त्यांच्यावर तसं लिहिलेलं नसतं.

मग त्यातला कोणता? युरोपसाठीही विकल्या जाणाऱ्या टायरला तिथे एक लेबल लागतं. त्यावर पावसातल्या पकडीसाठी ए ते ई अशी इयत्ता असते. तुमच्या मनात असलेल्या टायरचं नाव आणि नेमकं माप घालून ते शोधा. एकाच टायरची इयत्ता मापाप्रमाणे बदलू शकते. मागच्या चाकांवरच्या गाडीसाठी मी ए किंवा बी याखाली उतरणार नाही, मग इंधनाची इयत्ता कशीही असो. कडेवर आणखी एक नोंद असते, ट्रेडवेअरचा आकडा आणि ट्रॅक्शनची अक्षरं. आकडा मोठा तर टायर जास्त टिकतो, साधारणपणे पकड थोडी कमी. ट्रॅक्शनची अक्षरं ओल्या डांबरावर आणि काँक्रीटवर सरळ रेषेत ब्रेक मारून ठरतात, एए सगळ्यात वर. ही परीक्षा सरळ ब्रेकची आहे, वळणाची नाही, आणि साचलेल्या पाण्याचीही नाही. तेवढं ध्यानात ठेवून वापरा.

नक्षी दोन प्रकारची बघायला मिळेल. बाणाच्या टोकासारखी, जी पाणी मधून दोन्ही बाजूंना फेकते. अशा टायरच्या कडेवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो आणि तो उलटा बसवला तर पाणी बाहेर जाण्याऐवजी मध्ये गोळा होतं. दुसरी, आतली बाजू वेगळी आणि बाहेरची वेगळी. त्यावर कुठली बाजू बाहेर ते लिहिलेलं असतं. दोन्ही पावसाला चालतात. बाणवाली साचलेल्या पाण्यात किंचित सरस. मी मात्र दुसरी घेतो, कारण ती डावी-उजवीकडे अदलाबदल करता येते.

ज्यांच्या नक्षीत जेमतेम दोन-तीन खाचा आहेत असे शर्यतीसारखे टायर, ट्रेडवेअर २०० किंवा त्याखालचे, ते गोव्यात जूनमध्ये गाडीखाली असू नयेत. कोरड्यात दुसऱ्या कुठल्याही टायरपेक्षा ते घट्ट धरतात. आपला रस्ता चार महिने कोरडा नसतो.

रनफ्लॅट टायरचा निर्णय वेगळा करावा लागतो. त्यांची भिंत इतकी जाड असते की हवा गेली तरी साधारण ताशी ८० च्या आत, सुमारे ८० किलोमीटरपर्यंत गाडी नेता येते. म्हणून अशा गाडीत स्टेपनी नसते. अनमोड घाटात रात्री, पावसात, पंक्चर झालं तर ही मोठी सोय आहे, कारण तिथे थांबायला जागा नाही. पण त्या कडक भिंतीमुळे गाडी खड्ड्यांत आदळते आणि ओल्या, खडबडीत वळणावर टायर रस्त्यावरून उडतो. साधे टायर घालायचे ठरवलं तर डिकीत स्टेपनी आणि जॅक किंवा किमान हवा भरायचा पंप आणि पंक्चर काढायचं सामान ठेवल्याशिवाय निघू नका. दोन प्रकार एकाच गाडीत मिसळू नका.

आणि मिसळण्यावरून. चारही टायर एका कंपनीचे, एका प्रकारचे, शक्यतो एकदम. पैसे दोनांचेच असतील तर नवे दोन मागे. खूप जण उलट करतात, त्यांना वाटतं स्टिअरिंग पुढे आहे तर चांगले टायर पुढे हवेत. पण पुढचं चाक सुटल्याचं हाताला कळतं आणि माणसाकडे क्षणभर वेळ असतो. मागचं सुटतं ते पाठीला कळतं, तोवर उशीर झालेला असतो. कुठल्याही गाडीला हे लागू आहे, मागच्या चाकांवरच्या गाडीला तर दुपटीने. पुढे-मागे वेगळी मापं असतील तर ही निवडच उरत नाही, तेव्हा मागची जोडी आधी बदला.

चौथं काम: दुकानात

घ्यायची वेळ मेचा पहिला पंधरवडा. पाऊस साधारण ५ जूनच्या आसपास येतो. नव्या टायरच्या पृष्ठभागावर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या द्रव्याचा पातळ थर असतो, तो पहिल्या काही शे किलोमीटरांत घासून जातो. तोवर टायर निसरडा असतो. तो काळ कोरड्या मे महिन्यात जाऊ दे, पहिल्या सरीत नको. शिवाय मेअखेर गोव्यातल्या सगळ्यांनाच एकदम टायर आठवतात आणि दुकानदार आहे तो माल गळ्यात मारतो.

उसगावला एमआरएफचा टायरचा कारखाना आहे, त्यामुळे फोंडा तालुक्यात टायर ही घरगुती चर्चेची गोष्ट आहे. ओळखीचा कुणीतरी निघतोच. ओळखीने भाव कमी होईल, पण चार आकडे तुम्हीच वाचा. बसवण्याआधी प्रत्येक टायरचा आठवडा आणि वर्ष बघा. एका वर्षाहून जुना माल मी घेत नाही, दीड वर्षापर्यंत कुणी घेतला तर मी त्याला चूक म्हणणार नाही, त्याहून जुन्यावर भाव कमी करून मागा किंवा दुसरं दुकान गाठा. बिलावर टायरचे क्रमांक लिहून घ्या. वॉरंटीसाठी ते लागतात.

बसवताना पाच मिनिटं उभे राहा. जुना टायर काढल्यावर रिमची आतली कड बघा. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत अलॉयला तिथे पांढरी बुरशीसारखी पूड धरते, आणि मग टायर नीट न बसल्याने हवा आठवड्याला थोडी थोडी जाते. लोक पंक्चर शोधत बसतात, दोष रिमच्या कडेचा असतो. तारेच्या ब्रशने ती घासून घ्यायला सांगा. वॉल्व्ह नवे घाला. बॅलन्सिंग चारही चाकांचं, अलाइनमेंट चारही चाकांची. फक्त पुढची करून देतो म्हणणाऱ्याला ठाम नाही सांगा, कारण या गाडीत मागच्या चाकांचा कोनही बदलतो आणि बिघाड तिथेच लपतो. शेवटी बाणाची दिशा किंवा बाहेरची बाजू स्वतः तपासा. उलटा बसलेला टायर मी एकदा स्वतःच्या गाडीवर घरी आल्यावर पाहिला आहे.

पाचवं काम: हवा

हवा कमी ठेवली की पावसात पकड वाढते, असं गावोगावी सांगतात. चिखलातल्या ट्रॅक्टरसाठी ते खरं असेल. मोटारीच्या बाबतीत उलट होतं. नासाने विमानांच्या टायरवर काढलेलं एक जुनं सूत्र आहे: टायर पाण्यावर उचलला जाण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमूळावर अवलंबून असतो. ताशी किलोमीटरमध्ये मांडायचं तर पीएसआयच्या (पंपावर हवेचा दाब ज्यात मोजतात त्या एककाच्या) वर्गमूळाला सुमारे १६.७ ने गुणायचं. ३६ पीएसआयला उत्तर १०० येतं, २५ ला ८३. हा हिशेब गुळगुळीत टायर आणि भरपूर पाणी धरून केलेला आहे, चांगल्या नक्षीचा टायर याहून पुढे टिकतो. पण दिशा स्पष्ट आहे: हवा कमी तर गाडी लवकर तरंगते.

म्हणून स्टिकरवरचा दाब, सकाळी, गाडी दोन-तीन किलोमीटरच्या आत चाललेली असताना. पुढे आणि मागे वेगळा असेल तर वेगळाच. पावसाळ्यात मी दर रविवारी बघतो. नायट्रोजन भरला तरी चालेल, साधी हवा भरली तरी चालेल, रविवार चुकवला तर चालणार नाही.

सहावं काम: नव्या टायरसह रस्त्यावर

टायर कितीही चांगला असो, गोव्याच्या पावसाच्या काही जागा अशा आहेत की तिथे पाय हलकाच हवा. वळवाच्या पहिल्या सरीत महामार्गावर आठ महिन्यांचं तेल आणि धूळ मिळून साबण होतो. तो धुऊन जायला एक-दोन दिवस जोराचा पाऊस लागतो. खाणपट्ट्यात, साखळी, डिचोली, उसगावच्या बाजूला, ट्रकांच्या चाकांची लाल माती रस्त्यावर पातळ गाऱ्यासारखी बसते. ती टायरच्या खाचा भरून टाकते आणि नवी नक्षीही क्षणभर गुळगुळीत होते. तिथून बाहेर पडल्यावर दोनशे मीटर हळू चालवा, टायर स्वतःला साफ करून घेतात. पुलांवरचे लोखंडी सांधे ओले असताना वळणात अॅक्सिलरेटर स्थिर ठेवा, त्यावरून जाताना पाय वाढवूही नका, काढूही नका. माडा-पोफळीच्या सावलीतल्या गल्ल्यांत श्रावणात शेवाळ धरतं. चोर्ला आणि अनमोड घाटात, आणि काणकोणच्या वाटेवर करमल घाटात, वळणाच्या आतल्या बाजूला डोंगराचं पाणी रस्ता ओलांडत असतं.

फेरीबोटीचा उतार मात्र मागच्या चाकांवरच्या गाडीची खरी परीक्षा. रायबंदरहून चोडणला जाताना धक्क्यावर भरती-ओहोटीचं पाणी आणि शेवाळ असतं. बोटीतून बाहेर पडताना गाडी चढावर, मागची चाकं ओल्या लोखंडी फळीवर. चढावर वजन मागे येतं, ते आपल्या बाजूचं आहे. त्याचा फायदा घ्या: दुसरा गिअर, ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअलमध्ये टाकून दुसरा, आणि अॅक्सिलरेटर इतका हळू की इंजिनचा आवाज बदलू नये. चाक फिरायला लागलंच तर पाय थोडा कमी करा, पूर्ण सोडू नका. माझ्या जुन्या, लाकडासारख्या टायरांनी मी तिथे दोनदा अडकलो होतो आणि मागून लोकांनी धक्का दिला होता. नवे घातल्यापासून एकदाही नाही.

आणि वळणावर मागचं अंग गेलंच, तर नजर जायचं आहे तिकडे ठेवा, खड्ड्याकडे किंवा झाडाकडे नको. हात नजरेमागे जातात. अॅक्सिलरेटर हळू कमी करा, ब्रेकला हात लावू नका असं मी म्हणणार नाही, कारण एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं अडकू न देणारी यंत्रणा) आणि स्थिरता यंत्रणा असलेल्या गाडीत समोर अडथळा असेल तर ब्रेक पूर्ण दाबणंच योग्य. पण समोर मोकळं असेल तर हळू पाय आणि स्थिर नजर पुरते.

पावसाळा लागल्यावर दोन आठवड्यांनी गेज घेऊन पुन्हा एकदा चारही टायर मोजा, आत, मध्ये आणि बाहेर, म्हणजे प्रत्येक टायर तीन ठिकाणी, आणि आकडे वहीत लिहा. आतली कड बाहेरच्यापेक्षा अर्धा मिलिमीटरने जरी जास्त झिजलेली दिसली तर अलाइनमेंट परत करून घ्या. तेच चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या आधी एकदा, कारण त्या दिवसांत गाडी पाहुणे, माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या छताचं) सामान आणि नारळांनी भरलेली असते आणि सगळं वजन मागच्या चाकांवर येतं. भाच्याने त्याच्या पहिल्या मोजणीचे बारा आकडे मला काल पाठवले. मागच्या उजव्या टायरची आतली कड ५.१, बाहेरची ६.४. शनिवारी तो गाडी घेऊन मेस्तांकडे जाणार आहे.